अंगात मुरलेले बालपण

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे कारीट ठेवतात. पायाच्या अंगठ्याने ते फोडायचे, त्याची कडू चव जिभेच्या टोकाला लावायची, आणि मगच फराळाला बसायचे अशी तिकडची रीत आहे. सणाच्या पहिल्या गोड घासाआधी कडू घ्यावे, हे ज्याला सुचले त्याला माणसाच्या संसाराची चांगलीच माहिती असली पाहिजे. वाचकांनी माझा हा लेख त्या कारिटासारखा समजावा. चकल्या आणि करंज्या पुढच्या पानांवर आहेतच.

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. शाळेत मी मुलांना इतिहास शिकविते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. औषधपाण्यातले मला काही कळते असा माझा दावा नाही. पण जी हकीकत मी सांगणार आहे ती औषधाची कमी आणि इतिहासाची जास्त आहे. कुणी काय विचारले, कुणी ते ऐकून घेतले नाही, आणि शेवटी किती वर्षांनी ऐकले, अशी ती हकीकत.

प्रश्न असा, की लहानपणी मनाला बसलेला घाव पुढे जातो कुठे? मूल मोठे होते, नोकरीला लागते, लग्न करते, हसते-बोलते. मग तो घाव भरला असे समजायचे का? आपल्या भाषेला ह्याचे उत्तर पूर्वीपासून ठाऊक होते. ‘तिने हाय खाल्ली’, ‘त्याने धसका घेतला आणि तो पुन्हा उठला नाही’, असे आपल्या आज्या सहज बोलून जात. दुःख हे खाण्याची आणि घेण्याची वस्तू आहे, ते पोटात जाते आणि अंगी लागते, असेच जणू त्या शब्दांत गृहीत धरलेले आहे. शास्त्राला मात्र आज्यांच्या बोलण्यावर विसंबून चालत नाही. त्याला आकडे लागतात. ते आकडे मिळायला १९९८ साल उजाडावे लागले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगो नावाचे शहर आहे. तिथे कायझर पर्मनेन्टे ह्या मोठ्या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे रोगप्रतिबंधक विभागाचे प्रमुख होते. त्यांनी अतिस्थूल माणसांसाठी वजन उतरविण्याची एक योजना चालविली होती. योजना चांगली होती, वजने खरोखरच उतरत होती. आणि तरीही १९८५ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले की निम्म्याहून अधिक माणसे मध्येच सोडून जातात. ज्यांना गुण आला नाही ती गेली असती तर नवल नव्हते. पण जात होती ती गुण आलेली!

त्यांतल्या एका तरुण स्त्रीची कथा फेलिटी ह्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. ती आली तेव्हा तिचे वजन ४०८ पौंड, म्हणजे १८५ किलो होते. ५१ आठवड्यांत ते १३२ पौंडांवर, साठ किलोंवर आले. एवढा मोठा विजय! आणि नंतरच्या तीन आठवड्यांत तिचे वजन ३७ पौंडांनी वाढले. इतक्या झपाट्याने वजन वाढू शकते हेच डॉक्टरांना खरे वाटेना. ती म्हणाली, मी झोपेत खात असले पाहिजे. रात्री स्वयंपाकघर आवरून निजते आणि सकाळी पाहते तो डबे उघडे, खरकटी भांडी पडलेली. घरात तर मी एकटीच राहते. डॉक्टरांनी विचारले, हे आताच का सुरू झाले? बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर तिने सांगितले की कचेरीतल्या एका वयस्क, लग्नाच्या माणसाने तिच्या रूपाची तारीफ करून नको ती मागणी घातली होती. एवढ्यावरून एवढे? मग हळूहळू खालचा थर वर आला. लहानपणी तिच्या आजोबांनीच तिच्यावर हात टाकला होता.

दुसऱ्या एका बाईच्या वेळी गंमत म्हणावी की काय म्हणावे, असे झाले. डॉक्टर ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारीत होते. जन्मताना वजन किती, शाळेत गेलात तेव्हा किती, पुरुषाशी पहिला संबंध आला तेव्हा वय किती. त्यांची जीभ घसरली आणि शेवटच्या प्रश्नात ‘वय’ म्हणण्याऐवजी ते ‘वजन’ म्हणून गेले. बाई म्हणाली, चाळीस पौंड. डॉक्टरांना वाटले आपल्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर आले, आणि ती रडू लागली. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. आपल्या बालवाडीतल्या मुलीचे वजन. तो माणूस तिचा बाप होता.

तेवीस वर्षांच्या डॉक्टरीत फेलिटी ह्यांनी असा प्रकार त्याआधी एकदाच पाहिला होता. दहा-बारा दिवसांत आणखी एक निघाला. मग आणखी एक. आपणच काहीतरी वाकडे विचारीत असू, लोकांच्या तोंडी उत्तर घालीत असू, ह्या शंकेने त्यांनी सहकाऱ्यांना विचारायला बसविले. त्यांनाही तेच मिळाले. एका स्त्रीवर तेविसाव्या वर्षी बलात्कार झाला होता आणि नंतरच्या वर्षात तिचे वजन शंभर पौंडांहून अधिक वाढले होते. जाड बाईकडे कुणाची नजर जात नाही आणि मला तेच हवे आहे, अशा अर्थाचे ती स्वतःशी पुटपुटली. तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला आपण रोग समजून उतरवीत होतो ते ह्या माणसांनी स्वतःभोवती घातलेले चिलखत होते! चिलखत उतरले की माणूस भयाने पळणारच.

१९९० साली अटलांटा शहरी स्थूलतेच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. फेलिटी ह्यांनी आपले निष्कर्ष तिथे मांडले, आणि विद्वानांनी त्यांना फैलावर घेतले. अशा कहाण्या रोगी आपल्या फसलेल्या आयुष्याला सबब म्हणून रचतात, असे एकाने त्यांना सुनावले. ज्याने आयुष्यात कधी शाळेत ‘पोटात दुखते’ म्हणणाऱ्या मुलाला ‘सबब सांगू नकोस’ असे दरडावलेले ऐकले आहे, त्याला हे वाक्य ओळखीचे वाटेल. जागा बदलते, पोशाख बदलतो; वाक्य तेच.

पण त्याच रात्री जेवणाच्या मेजावर फेलिटी ह्यांच्या शेजारी सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले डेव्हिड विल्यमसन बसले होते. ते म्हणाले, शेदोनशे लठ्ठ माणसांवरून कुणी विश्वास ठेवणार नाही. हजारो साध्या माणसांना विचारा. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि तह असतात. जेवणाच्या पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसले ह्याला त्यांत जागा नसते. त्या रात्री पाने वेगळी मांडली असती तर काय झाले असते, कोण जाणे.

फेलिटी आणि त्याच सरकारी केंद्रातले डॉ. रॉबर्ट अँडा ह्यांनी मिळून ते काम हाती घेतले. सॅन दिएगोच्या दवाखान्यात दरवर्षी हजारो माणसे नुसती प्रकृती तपासून घ्यायला येत. १९९५ ते १९९७ ह्या काळात तपासणी झाल्यावर त्यांच्या घरी टपालाने एक प्रश्नपत्रिका धाडण्यात आली, आणि सतरा हजारांवर माणसांनी ती भरून पाठविली. विचारले होते ते अठराव्या वर्षाच्या आतले. घरात मारहाण होत होती का? उठता-बसता अपमान? कुणी अंगचटीला गेले का? पोटभर जेवण, स्वच्छ कपडे, जवळ घेणारे माणूस होते का? आईला कुणी मारीत होते का? घरात दारू, वेड, आत्महत्या, तुरुंग, आईबापांची ताटातूट? अशी दहा खाती पुढे ठरली. पहिल्या लेखात ती सातच होती. घडले असेल त्या प्रत्येक खात्याला एक गुण. एकच गोष्ट शंभरदा घडली तरी गुण एकच.

ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती, हे नीट ध्यानात घ्यावे. सरासरी वय पंचावन्नच्या पुढे. बहुतेक गोरी, शिकली-सवरलेली, नोकरीधंद्याची, आरोग्याची वर्गणी भरू शकणारी. तरीसुद्धा तिघांपैकी जवळजवळ दोघांनी निदान एक तरी खूण केली होती. आठांपैकी एकाला चार किंवा त्याहून अधिक गुण होते. आणि गुणांचा आकडा चढत जाई तसतशी दुखणीही पायरी-पायरीने चढत होती. हृदयविकार, फुप्फुसाचे जुनाट रोग, यकृताचे रोग, कर्करोग, मोडलेली हाडे. चार वा अधिक गुणांच्या माणसांत दारूचे व्यसन, अमली पदार्थ, खिन्नता आणि आत्महत्येचा प्रयत्न ह्यांचा धोका चौपटीपासून बारापटीपर्यंत आढळला. आकडे पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा आपल्याला रडू आले, असे अँडा ह्यांनी पुढे सांगितले आहे. संख्याशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत पाणी आणणारे कोष्टक एरवी कोठे पाहायला मिळणार!

आता कुणी विचारील, की चाळीस वर्षांपूर्वीची मारहाण हृदयाच्या रक्तवाहिनीत शिरते कशी? काही भाग सरळ आहे. दुखावलेला माणूस सिगारेट ओढतो, पितो, वेळी-अवेळी खातो, आणि त्या सवयी आपले काम करतात. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. १९३६ साली हान्स सेल्ये ह्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग करून दाखविले होते, की छळ कोणत्याही प्रकारचा असो, थंडीचा, श्रमाचा की विषाचा, शरीर त्याला एकाच ठराविक रीतीने तोंड देते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगतात, जठराला व्रण पडतात. पुढे ब्रूस मॅक्युएन ह्यांनी दाखविले की त्या ग्रंथींतून सुटणारा रस थेट मेंदूच्या आठवणीच्या जागेपर्यंत पोचतो. संकटात हा रस फार उपयोगी. वाघ दिसला की पळायला बळ देतो. पण वाघ घरातच राहात असेल, रोज संध्याकाळी दार उघडून आत येत असेल, तर? आपल्याकडे पीक राखायला शेतात माळा घालतात आणि वर राखणीचा गडी बसवितात. तो रानडुकराला पाहून ओरडला तर पीक वाचते. पण भयाने त्याला झोपच लागेनाशी झाली, सावली हलली तरी तो काठी घेऊन धावू लागला, तर शेवटी डुकराने केली नसती एवढी नासाडी तोच करून ठेवतो. सतत भ्यालेल्या मुलाच्या शरीराचे असे होते.

ह्याचा एक पुरावा न्यूझीलंडमधून आला. तिथे ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांची संशोधकांनी लहानपणापासून नोंद ठेवली आहे. ती बत्तीस वर्षांची झाली तेव्हा त्यांचे रक्त तपासले. पहिल्या दहा वर्षांत ज्यांचे हाल झाल्याची नोंद होती, त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा अधिक सापडल्या. असा मंद, न दिसणारा दाह हा हृदयविकाराचा सोबती समजला जातो. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. ह्या पुराव्याचे मोल असे, की इथे कुणा म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विसंबावे लागले नाही.

ह्या सगळ्या वाचनात मला सर्वांत चटका लावून गेली ती मात्र फिनलंडची मुले. दुसऱ्या महायुद्धात रशियाने फिनलंडवर हल्ला केला, आणि १९३९ ते १९४४ ह्या काळात फिनिश आईबापांनी सुमारे सत्तर हजार मुले शेजारच्या स्वीडनमध्ये व थोडी डेन्मार्कमध्ये पाठविली. बॉम्ब चुकावेत, दोन वेळचे जेवण मिळावे, एवढाच हेतू. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकविलेली ती मुले आगगाड्यांतून आणि बोटींतून गेली. तिथे त्यांना कुणी मारले-झोडले नाही. पुष्कळांना सुखवस्तू घरे मिळाली, दूध-लोणी मिळाले, प्रेमसुद्धा मिळाले. युद्ध संपल्यावर ती परत आली तेव्हा किती तरी मुले आपली भाषा विसरून गेली होती. फलाटावर आई फिनिश बोलते आहे आणि मूल तिच्याकडे परक्यासारखे पाहते आहे. एका मायेतून तोडून दुसरीकडे लावलेले रोप पुन्हा उपटून आणलेले! कादंबरीकाराला ह्याहून जास्त काही रचावे लागत नाही.

हेलसिंकी शहरी १९३४ ते १९४४ ह्या दरम्यान जन्मलेल्यांचा पुढे अभ्यास झाला. सरकारी दप्तरात कोण मूल कधी गेले, कधी आले, ह्याच्या याद्या होत्या. त्यामुळे इथेही आठवणीचा भरवसा धरावा लागला नाही. साठ वर्षांनी त्यांना तपासले. आईबापांपासून दूर गेलेल्यांत हृदयविकार घरी राहिलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळला, मधुमेहही अधिक. घरी राहिलेल्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते आणि पानात भाकरी कमी होती, हे विसरू नये. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम ह्यांनी युद्धकाळात मुलांसाठी पाळणाघरे चालविली होती. त्यांनीही १९४३ सालीच लिहून ठेवले होते, की बॉम्बच्या आवाजाने मूल जेवढे हादरत नाही तेवढे आई दृष्टिआड झाल्याने हादरते. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात खाटेखाली पथारी टाकून बसलेल्या आयांना परिचारिका हाकलतात आणि त्या पुन्हा येऊन बसतात. त्या आया अडाणी नव्हेत, एवढे ह्यावरून मी शिकले.

मात्र ह्या फिनलंडच्याच इतिहासात सावध करणारी गोष्टही आहे. एकाच घरातले एक मूल धाडले आणि दुसरे घरी ठेवले, अशा भावंडांची तुलना दुसऱ्या संशोधकांनी केली, तेव्हा धाडलेल्या मुलांत वेडाच्या इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण एकंदरीत वाढलेले दिसले नाही. पण २०१८ साली असे निघाले, की ज्या आया लहानपणी स्वीडनला धाडल्या गेल्या होत्या त्यांच्या मुलींना मनाच्या आजारासाठी इस्पितळात जाण्याची वेळ अधिक आली. घाव एका पिढीला ओलांडून पुढे जातो. कसा जातो ह्यावर विद्वानांत अजून वाद आहेत.

आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे, कारण दिवाळीत घरोघर हा अंक वाचला जाईल आणि कुणी आपले गुण मोजायला बसेल. ते गुण म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. अमक्या गुणांना अमका रोग, असे त्यातून काढता येत नाही. खुद्द अँडा ह्यांनीच २०२० साली लिहून बजावले, की हा आकडा समाजाची स्थिती समजण्यासाठी आहे. एकेका माणसाचे भविष्य वर्तविण्यासाठी नाही. हजारांच्या कोष्टकात धोका दुप्पट दिसला तरी त्या कोष्टकातली पुष्कळ माणसे ठणठणीत असतात. आपल्या लोकांना पत्रिकेची फार हौस, म्हणून हे सांगितले.

आपल्याकडची स्थिती काय, हेही पाहू. २००७ साली केंद्र सरकारने तेरा राज्यांत १२,४४७ मुलांना विचारून एक अहवाल काढला. तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्रास देणारा बहुधा ओळखीचा, विश्वासाचा माणूस होता. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतली छडी बंद झाली. २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध वेगळा कायदा झाला. असे काही कळल्यावर गप्प राहणे हाही त्यात गुन्हा ठरतो. कागदावर हे सारे ठीक आहे. पण मूल बोलत नाही. चार्ल्स डिकन्सला १८२४ साली, बारा वर्षांचा असताना, बाप कर्जात बुडाल्यामुळे बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात बाटल्यांना कागद चिकटवीत बसावे लागले. जगभर गाजलेला तो लेखक त्याबद्दल घरात अवाक्षर बोलला नाही. मुलांना ते कळले ते बाप गेल्यावर, त्याच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून! शब्द ज्याचे दास होते त्याची ही कथा, मग पाचवीतल्या पोराने काय बोलावे?

मूल तोंडाने बोलत नाही, पोटाने बोलते. वर्गात दर सोमवारी पोटात दुखणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. नेहमी दाराजवळच्या बाकावर बसे. बाहेर मोटारसायकलचा आवाज झाला की मान वळवून पाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघाले नाही. बाप रविवारी पिऊन घरात काय करतो ते पुढे शेजारणीकडून कळले. आम्ही दोघी-तिघींनी मिळून त्याच्या मावशीला बोलावून घेतले, आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली मी त्याच्याकडे दिली. मधल्या सुट्टीत पुस्तके देणे-घेणे आणि वहीत नोंदी करणे हे त्याचे काम. पोटदुखी एकदम थांबली असे मी म्हणणार नाही. सोमवारचे दुखणे पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर.

किल्लीने काय होणार, असे मलाही वाटे. पण ह्या विषयातले मला सर्वांत आवडणारे संशोधन हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावरचे आहे, आणि त्यात अशाच किल्ल्यांच्या गोष्टी आहेत. एमी वर्नर ही बाई जर्मनीत १९२९ साली जन्मली. तिचे स्वतःचे बालपण युद्धाच्या ढिगाऱ्यात गेले. पुढे ती अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ झाली. कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली सगळीच्या सगळी, ६९८ मुले तिने आणि रूथ स्मिथ ह्यांनी चाळिशीपर्यंत डोळ्यांखाली ठेवली. ऊसमळ्यांवरच्या मजुरांचे ते बेट. सुमारे दोनशे मुलांच्या वाट्याला दोन वर्षांची होण्याआधीच दारिद्र्य, अवघड बाळंतपण, भांडणे, दारू, आईबापांचे वेड, असली चार-चार संकटे आली होती. त्यांतली दोन तृतीयांश मुले पुढे अडखळली. पण ७२ मुले मुळीच अडखळली नाहीत! चांगली शिकली, मायाळू आणि भरवशाची माणसे झाली. का, हे शोधता शोधता वर्नर ह्यांना जे सापडले ते फार साधे होते. ह्या प्रत्येक मुलाला आईबापांपैकी नाही तर कुणी तरी, एक तरी, खात्रीचे माणूस मिळाले होते. आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारीण. आणि पुन्हा पुन्हा येणारे नाव म्हणजे आवडत्या शिक्षकाचे. शिवाय त्यांच्यावर काहीतरी जबाबदारी होती. कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते, कुणाला घर चालवायचे होते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव त्यांना धरून होती.

आणि जी मुले अडखळली तीही बहुतेक तिशी-चाळिशीत सावरली. कुणी उशिरा शिकले, कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी देवाधर्माच्या मंडळीत रमले. बालपण एकदा मुरले की मुरले, असे जे ह्या लेखाच्या नावावरून कुणाला वाटेल, ते कवाईच्या पोरांनी खोटे पाडले आहे.

उपचारांपैकी आज पुष्कळ आहेत. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून, धीराने, टप्प्याटप्प्याने ती आठवण उलगडीत नेण्याच्या पद्धती मुलांच्या बाबतीत चांगल्या ठरल्या आहेत. फेलिटी ह्यांचे म्हणणे असे की नुसते विचारले, आणि डॉक्टरने न दचकता ऐकून घेतले, तरी माणसाच्या दवाखान्याच्या खेपा कमी होतात. हे त्यांचे म्हणणे मूळ अभ्यासाइतके पक्के सिद्ध झालेले नाही. त्याहून पक्का पुरावा घाव होऊच नये म्हणून केलेल्या कामाचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स ह्यांनी गरीब, कोवळ्या वयाच्या पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठविल्या. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्या घरांतून मुलांच्या छळाच्या तक्रारी इतर घरांच्या सुमारे निम्म्यावर होत्या. आपल्याकडे आशाताई पायपीट करीत घरोघर जातात. त्यांच्या मानधनाची बातमी आली की ह्या एल्मायरा गावाची मला आठवण होते.

अशा मुलांची गोष्ट आपल्या दाराशीही घडून गेली आहे. १९४० साली रशियाने पोलंडमधली लाखो माणसे रात्री-अपरात्री घरांतून उठवून मालगाड्यांत घातली आणि सैबेरियाला, कझाकस्तानला नेली. भुकेने आणि तापाने तिथे मुलांच्या डोळ्यांदेखत आईबाप मेले. पुढे सुटका झाल्यावर जी वाचली त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला १९४२ साली अनाथ मुलांना आसरा दिला; आणि कोल्हापूर संस्थानात मिरज-कोल्हापूर रेल्वेरस्त्यावर वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलेही १९४६ साली वळिवड्यालाच आली.

लांबच लांब बराकी, वर कौले, भोवती आपले ऊस आणि पंचगंगेचा परिसर. ऐश्वर्य काही नव्हते. पण तिथे पोलिश भाषेची शाळा होती, देऊळ होते, बालवीरांचे पथक होते, नाटके होत, परीक्षा होत, आणि आई नसलेल्या मुलांजवळही आपल्या भाषेत हाक मारणारे कुणी तरी होते. फिनलंडच्या मुलांना दूध-लोणी मिळाले आणि भाषा गेली. वळिवड्याच्या मुलांना भाषा मिळाली आणि मिरचीचे जेवण! दोन्हींची शास्त्रीय तुलना कुणी करावी अशी माझी सूचना नाही. इतिहासाच्या शिक्षिकेला दोन नोंदी शेजारी ठेवून पाहण्याची खोड असते, इतकेच. ती मुले म्हातारी झाल्यावर इंग्लंडहून, पोलंडहून पुन्हा वळिवडे पाहायला आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. भारताच्या पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे जाऊन फुले वाहिली.

१९४८ साली छावणी मोडली. पोलिश मंडळी मुंबईहून बोटीत बसून निघून गेली, आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने घरदार सुटलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. त्यांचीही मुले लहान होती, आणि त्यांनीही पाहू नये ते पाहिले होते. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी बाजारपेठ आहे ती. दिवाळीची खरेदी करायला कोल्हापूरची आणि आसपासची माणसे पोराबाळांना घेऊन तिथे जातात.